आठ वॅटचे भाऊजी

आख्ख्या बीड जिल्ह्यात कमी आवाजासाठी एवढा मोठा गोंधळ घालणारा माणूस माझ्या धाकट्या दिरांशिवाय दुसरा झाला नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. आमच्याकडे आवाज म्हणजे मोठाच, हे ठरलेलं आहे. लग्नात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू आलं तर मुलीच्या बापाला कमीपणा वाटतो. मिरवणुकीत घरांवरचे पत्रे थरथरले नाहीत तर वर्गणी वाया गेली असं समजतात. अशा मुलखात आमचे भाऊजी एका आठ वॅटच्या अँप्लिफायरला शोभतील असे दोन स्वस्तातले स्पीकर शोधत गावोगाव हिंडायचे. आठ वॅट म्हणजे किती? देवघरात आपण जो झिरोचा दिवा लावतो, तो जेवढी वीज खातो तिच्या साधारण निम्मी. तेवढ्या विजेवर गाणं ऐकायचं, आणि तेही असं की गाणाऱ्या बाईनं मध्ये श्वास घेतला तर तो कळला पाहिजे, ही भाऊजींची महत्त्वाकांक्षा. आमदारकीसाठी माणसं जेवढी पायपीट करतात त्याहून जास्त त्यांनी यासाठी केली, आणि ती आमच्या जास्त उपयोगी पडली.

भाऊजी सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. उसाची गाडी काट्यावर आली की भरलेलं वजन घ्यायचं, रिकामी होऊन आली की पुन्हा घ्यायचं, आणि वजाबाकी करायची. आयुष्यभर तेच केल्यामुळे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, याशिवाय त्यांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं होतं. पण त्या वर्षांत पाऊस नव्हता. पावसाअभावी ऊस नाही, उसाअभावी कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि बॉयलर थंड म्हणून भाऊजी घरी. पालीच्या धरणात पाण्यापेक्षा भेगाच जास्त दिसत होत्या. आमच्या वाडीतली निम्मी घरं कुलपं लावून ऊस तोडायला पश्चिमेकडं गेली होती. ज्यांच्या दारात म्हैस होती त्यांच्या बायका मात्र मागं राहिल्या, कारण म्हशीला कोयता देऊन फडात नेता येत नाही. त्या बायकांचं दूध मी गोळा करत असे. मी आमच्या दूध संस्थेच्या वाडीतल्या संकलन केंद्राची चालक. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट लावायची आणि भांडणं मिटवायची. संस्थेचं मुख्य कार्यालय ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात, नेकनूरच्या रस्त्यावर. दूध आटत चाललं तसं संस्थेचे चेअरमन वाडीचं केंद्र बंद करायची भाषा बोलायला लागले. केंद्र बंद म्हणजे बायकांनी घागरी घेऊन दोन्ही वेळा ओढा ओलांडून मोठ्या गावाला जायचं. ते कुणाला जमणार नव्हतं. मग म्हैस विकायची, आणि म्हैस विकली की कोयता उचलायचा. एवढा सरळ हिशेब होता तो, आणि मला त्यापायी झोप येत नव्हती. भाऊजींना मात्र स्पीकरमुळे झोप येत नव्हती.

तो अँप्लिफायर त्यांनी स्वतःच जुळवला होता. आतल्या पट्ट्या बीडच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आणल्या आणि बाहेरून कवच म्हणून जाऊबाईंचा स्टीलचा पोळ्यांचा डबा वापरला. हा डबा जाऊबाईंना लग्नात आलेला. त्याच्यावर "मामाकडून सप्रेम भेट" असं ठसठशीत कोरलेलं. भाऊजींनी नेमकी तीच बाजू पुढं ठेवली आणि अक्षरांच्या खाली दोन बटणं बसवली. पाहुणे विचारायचे, "मामांनी मशीन दिलं वाटतं?" भाऊजी हो म्हणायचे. आतून जाऊबाई म्हणायच्या, "मामानं पोळ्या ठेवायला दिलतं. आता पोळ्या धोतरात गुंडाळून ठेवते मी. उद्या तुमचं धोतर गाणं म्हणाया लागलं तर मला सांगू नका."

"मोठंच मशीन घ्या ना," हे त्यांना वाडीतल्या प्रत्येकानं सांगून झालं होतं. मीही सांगितलं. त्यावर भाऊजी उठून उभे राहायचे. बसून हे बोलता यायचं नाही इतका हा विषय त्यांना गंभीर वाटायचा. "वैनी, तुमीच सांगा. म्हैस दूध देईना, तर तुमी पेंड वाढवत बसताल का म्हैस बदलताल? दुष्काळात खाणाऱ्याची संख्या वाढवायची नसती. थोडं खाऊन लई देणारा जीव शोधायचा असतो. असा स्पीकर हाय. कुठं तरी हाय. कुनाला त्याची किंमत न्हाई म्हणून तो स्वस्त हाय, आन् मला सापडत न्हाई म्हणून मी हिंडतोय." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की काही क्षण मलाही वाटायचं, चला, आत्ताच निघावं.

बीडच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते. मला फॅटच्या यंत्राची एक काचेची नळी घ्यायची होती आणि त्यांना स्पीकर. भाऊजींनी सायकलला ट्रॅक्टरची बॅटरी बांधलेली, कारण लाइट असो नसो, परीक्षा झालीच पाहिजे. दुकानदारानं एक चकचकीत पेटी पुढं ठेवली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत "१००० वॅट".

"हजार खातो का हजार देतो?" भाऊजींनी विचारलं.

"म्हंजे?"

"म्हैस विकताना बाजारात कुनी सांगतं का, ही दिवसाला दोन पोती खाती म्हणून घ्या?"

"दादा, हा स्पीकर हाय. म्हैस न्हाई."

"तेच तर. म्हैस असती तर तुमी खोटं बोलला नसता." आणि मग भाऊजींनी त्याला समजावलं, की स्पीकरवरचे वॅट म्हणजे त्याची भूक. तो किती पचवू शकतो एवढंच त्यातून कळतं. एका वॅटमध्ये तो किती आवाज देतो हे कुठंच लिहिलेलं नसतं, आणि खरा प्रश्न तोच. माझी नळी केव्हाच बांधून झाली होती. दुकानदारानं शटर निम्मं खाली घेतलं तरी भाऊजी शटरखालून वाकून बोलत होते.

घरी प्रयोग चाललेले असायचेच. एकदा एका जुन्या जीपमधले स्पीकर आणले. भाऊजींना पेटी बनवायला लाकूड परवडेना, म्हणून त्यांनी ते आमच्या दोन रिकाम्या रांजणांच्या तोंडावर बसवले. आवाज घुमला, पण सगळी गाणी विहिरीत पडलेल्या माणसानं म्हटल्यासारखी यायची. त्याच आठवड्यात पाण्याचा टँकर अवेळी आला. जाऊबाईंनी घाईत एक रांजण कमरेवर घेतला आणि रांगेत घुसल्या. तार मागून लोंबत येत होती. भाऊजी घरातून पळत आले ते रांजणाला मिठी मारूनच थांबले. टँकरवाला वर पाइप घेऊन उभा. "पाणी सोडू का नको?" तो ओरडत होता. खालून जाऊबाई "सोड!" आणि भाऊजी "सोडू नको!" सगळी रांग हसून हसून बसली. शेवटी जाऊबाईंनी स्पीकर उपटून नवऱ्याच्या हातात दिला आणि रांजण भरून घेतला. रात्री जेवताना भाऊजी एवढंच म्हणाले, "रांजनाचं तोंड जरा मोठं होतं. अडचन तीच होती."

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे डावं-उजवं. एक स्पीकर कधीच चालायचा नाही, दोन पाहिजेत, आणि दोघांच्या बरोबर मधोमध बसलं पाहिजे. तरच म्हणे वाजवणारी माणसं आपापल्या जागेवर बसलेली दिसतात. ओसरीवर त्यांनी चुन्यानं फुली काढून त्यावर पोतं अंथरलं होतं. कोण येईल त्याला आधी पोत्यावर बसवायचे, मग पाणी विचारायचे. जाऊबाईंच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं की आज स्पीकरचं नाव काढायचं नाही. मी पोहे घेऊन बाहेर आले तर होणारे व्याही पोत्यावर ताठ बसलेले, भाऊजी त्यांच्या खांद्यांना धरून त्यांना अर्धा वीत डावीकडं सरकवतायत. "आता बगा. पेटी कुठं ऐकू येती?" "इकडं," व्याही म्हणाले. "आन् तबला?" "तिकडं." "आन् गानारा?" व्याह्यांनी बराच वेळ विचार करून समोरच्या कोऱ्या भिंतीकडं बोट दाखवलं. भाऊजींनी त्यांना कडकडून मिठी मारली. मुलीला त्यांनी धड पाहिलंही नाही. सोयरीक जुळली. मागाहून व्याह्यांनी माझ्या यजमानांना सांगितलं, "घर चांगलं हाय. फक्त पाय बधिर झाले."

स्पीकर पारखायला त्यांच्याकडं एक खास कॅसेट होती. गाण्यांची नाही. आमची म्हैस पिळतानाची. टेपरेकॉर्डर गोठ्यात नेऊन त्यांनी जाऊबाईंकडून ती भरून घेतली होती. डाव्या हाताची धार डाव्या बाजूला, उजव्या हाताची उजवीकडं, आधी रिकाम्या बादलीवर टणटण आणि मग फेस चढला की भरीव, गुबगुबीत आवाज. भाऊजींचं म्हणणं, गाण्यात स्पीकर फसवू शकतो, धारेत नाही. कितीक स्पीकरांना त्यांनी या कॅसेटवर नापास केलं. "ही धार न्हाई, हे नळाचं पानी हाय," म्हणायचे आणि पेचकस घेऊन बसायचे.

आणि मग त्यांना पाटोद्याच्या बाजारात ते सापडले. एका अंडीवाल्याच्या अंगणात दोन मोठे लाकडी खोके होते. त्यांत कोंबड्या ठेवलेल्या. भाऊजी अंडी घ्यायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. कोंबड्यांच्या मागं, जाळीच्या आड, कागदाचे दोन भले मोठे पडदे. पूर्वी जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे, त्या तंबूतले स्पीकर होते ते. त्या काळी मशीनंच लहान असायची. तेवढ्याशा ताकदीवर सगळ्या तंबूला ऐकवायचं, म्हणून स्पीकर असे हलके आणि हावरे नसलेले बनवायचे. भाऊजींनी बोटाच्या टोकानं पडदा नुसता दाबून पाहिला. मला सांगताना म्हणाले, "वैनी, नव्या व्यालेल्या म्हशीची कास दाबल्यावानी वाटलं." अंडीवाल्याला पैशात रस नव्हता. दुष्काळात पैशानंही चारा मिळत नव्हता. त्याच्याही दारात एक गाय होती. भाऊजी घरी आले, आमच्या म्हशीसाठी मी संस्थेतून उचलून ठेवलेलं सरकी पेंडीचं पोतं कुणाला न विचारता घेऊन गेले, आणि एसटीच्या टपावरून खोके घेऊन परत आले.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जाऊबाई बोलल्या, भरपूर बोलल्या. "म्हशीच्या तोंडातला घास काढून कोंबड्याचा खुराडा आनला! ह्यो मानूस म्हनावं का काय!" खोक्यांना वासही तसाच होता. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी आटलेल्या बोअरची केबल काढली. मोटर केव्हाच वर काढून ठेवलेली, केबल नुसती गुंडाळून पडली होती. "जाड तांब्याची हाय. बारीक वायर वाटंतच ताकद खाती," असं म्हणत त्यांनी तिनं डबा आणि खोके जोडले आणि कॅसेट लावली. मी केंद्रावर दुधाचे कॅन धूत होते. मला वाटलं जाऊबाई अवेळी म्हैस पिळायला बसल्या. इतका खरा आवाज, की मी हात पुसत बघायला गेले. ओसरीवर भाऊजी पोत्यावर डोळे मिटून बसलेले. जाऊबाई दारात तोंडावर हात धरून उभ्या. आणि गोठ्यात आमची म्हैस, जिनं आठवडाभर कुणाला हात लावू दिला नव्हता, ती पान्हावली होती. थेंब थेंब दूध जमिनीवर पडत होतं.

"बादली!" जाऊबाई ओरडल्या. "अवो, बादली आना! वाया चाललंय!" भाऊजी उठले, अडखळले, बादली घेऊन पळाले. त्या दिवशी त्यांनी चार घरी जाऊन सांगितलं, की स्पीकर पास झाले आणि परीक्षक म्हैस होती. पेंडीचा राग माझ्या मनातून म्हशीनंच घालवला.

आता सभेकडं येते. आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेची एक रीत होती. मोठ्या गावातल्या चिंचेखाली मांडव पडायचा. पुढं चेअरमनची माणसं सकाळपासून जागा धरून बसायची. बायका धारा काढून, दूध घालून, ओढा ओलांडून यायच्या तोवर फक्त शेवटची जागा उरायची, आणि जनरेटर नेहमी त्याच बाजूला ठेवलेला असायचा. स्टेजवर चेअरमनच्या पुतण्याचे माणसाहून उंच बॉक्स. त्यांतून चेअरमन बोलले की छातीत धडधडायचं, पण शब्द एक कळायचा नाही. विषय वाचला की पुढची माणसं "मंजूर" म्हणायची, भजनात धृपद धरतात तशी. मागच्या बायकांना काय मंजूर झालं ते महिन्यानं कळायचं, कुणाच्या तरी दुधाचा दर कापला गेला की. सभासदांत निम्म्याहून जास्त बायका, तरी हे असं. यंदा केंद्र बंद करायचा विषय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही नामंजूर म्हणणार हेही ठरलं होतं. पण नेमकं कधी म्हणायचं? एकदा चुकून पेंडीच्या विषयाला आमच्या बायकांनी नामंजूर म्हटलं होतं आणि तो विषय पेंड स्वस्त करायचा होता.

त्यात चेअरमननी जाहीर केलं, की दुष्काळामुळं मांडव नाही, माइक नाही, तोंडीच उरकायचं. मी त्यांच्याकडं गेले. म्हटलं, "मागं ऐकू येत नाही."

"ताई, मागं बसायचंच कशाला? पुढं या की."

"आमचे भाऊजी त्यांचं मशीन आणतील. खर्च नाही."

"आनू द्या," चेअरमन हसत म्हणाले. त्यांनी ते मशीन पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं मात्र होतं, आणि जे ऐकलं त्यावरून त्यांना काळजीचं कारण वाटलं नाही.

सभेच्या दिवशी आमच्या वाडीची बैलगाडी निघाली, वर दोन खोके, ट्रॅक्टरची बॅटरी, केबलचं भेंडोळं, टेपरेकॉर्डरचा माइक आणि मधोमध पोळ्यांचा डबा. भाऊजी इतके उत्तेजित झाले होते की गाडीत बसलेच नाहीत. पुढं पळत जायचे, परत मागं येऊन खोक्यांना हात लावून बघायचे. चिंचेखाली चेअरमननी डबा बघितला.

"ह्यात तर चार पोळ्या बी मावनार न्हाईत बे. किती वॅटचं?"

"आठ."

"ऐंशी?"

"आठ."

पुढच्या रांगा खदखदल्या. "लाव बे, लाव. तुजी बी हौस भागू दे," चेअरमन म्हणाले.

भाऊजींनी माइक स्टेजवर ठेवला आणि खोके मात्र उचलून पार मागं नेले, बायकांच्या बसायच्या जागेच्या दोन बाजूंना, स्टेजकडं पाठ करून. मला कळेना. ते म्हणाले, "वैनी, आठ वॅटला लांब पळवायचं न्हाई. त्याला जिथं बोलायचं तिथंच नेऊन बसवायचं. आन् माइकला सोताचा आवाज ऐकू गेला की शिट्टी मारतो, म्हणून पाठ." स्टेजवर चेअरमननी माइकमध्ये हॅलो केलं. त्यांना काही ऐकू आलं नाही.

"चालू न्हाई वाटतं."

"चालू हाय," भाऊजी मागून ओरडले.

"मग ऐकू कुठं येतंय?"

"जिथं यायला पाह्यजे तिथं येतंय!"

पुढं पुन्हा हशा. चेअरमन निर्धास्त झाले, आणि इथंच त्यांचं चुकलं. मशीन बंद आहे असं समजून ते आपले नेहमीसारखे तोंडातल्या तोंडात वाचायला लागले. आणि मागं, आमच्यात, वाडीतली एक म्हातारी आत्या, जिच्याशी बोलायचं तर खांदा धरून ओरडावं लागतं, ती दचकून मागं वळली. "अगं बया, ह्यो चेरमन माझ्या कानात कावून बोलतोय?"

खरंच तसं होतं. मोठा आवाज अजिबात नाही. शेजारी बसून कुणीतरी समजावून सांगतंय असं. विषय पहिला, दुसरा, तिसरा. चेअरमननी बशीतून चहा ओढला, तो फुर्रकन आमच्या दोन्ही कानांना ऐकू आला आणि बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्यांनी सुपारीची पुडी फाडली तीसुद्धा कळली. मी भाऊजींकडं बघितलं. डब्याशेजारी उकिडवे बसलेले, एक बोट बटणावर, डोळे मिटलेले. कुठला विषय चाललाय याच्याशी त्यांना काही देणंघेणं दिसत नव्हतं. मी मात्र बोटांवर विषय मोजत होते. माझ्या मागं त्या बायका आणि त्यांच्या मागं त्यांच्या दारातल्या म्हशी, सगळं त्या एका पुटपुटण्यावर येऊन थांबलं होतं.

"विषय सहावा, दुष्काळी परिस्थितीमुळे वाडीचे संकलन केंद्र बंद करून संकलन मुख्य केंद्रात वर्ग करणे, मंजूर का?" एका दमात. तेवढ्यात सातव्यासाठी पानही उलटलं.

पुढून "मंजू" एवढंच आलं. मागून "नामंजूर!" असा कल्लोळ झाला की चिंचेवरचे कावळे उडाले. चेअरमननी मान वर केली. त्यांना वाटलं ओरडा दुसऱ्याच कशाचा आहे. तेव्हा जाऊबाई उभ्या राहिल्या. घरात त्या नवऱ्याला दिवसभर बोलतात, पण सभेत त्यांचं तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चेरमन सायब, परत वाचा!"

"ऐकू आलं न्हाई का?"

"लई चांगलं ऐकू आलं. तरी परत वाचा. आमाला परत नामंजूर म्हनायचंय!"

मग हात वर करून मोजणी झाली. निम्मे पुरुष उसाच्या फडात, त्यामुळे मोजायला फार वेळ लागला नाही. वाडीचं केंद्र राहिलं. परतताना बायकांनी भाऊजींना बळंच गाडीत खोक्यांच्या मधे बसवलं. त्यांना सभेचं विचारलं तर म्हणाले, "'वर्ग' मधला व जरा जास्त फुगला. पेटीत थोडा कापूस टाकाया पाह्यजे."

पुढं बायकांनीच मागणी केली, की आता हे मशीन केंद्रावर कायम पाहिजे. टँकर आला, पेंड आली, जनावरांचा डॉक्टर आला की सांगायला, आणि दर सभेला न्यायला. भाऊजींनी आठवडाभरात दुसरा अँप्लिफायर जुळवला. जाऊबाईंनी या वेळी पुरणाचा डबा स्वतःहून काढून दिला. पण तसे स्पीकर? भाऊजी पुन्हा पाटोद्याला गेले, जत्रेच्या गावांना गेले, कुठं कुठं गेले. त्या जातीचा तिसरा स्पीकर मिळाला नाही. एक दिवस सकाळी मी दूध मापत असताना ते खांद्यावर एक खोका घेऊन आले आणि केंद्राच्या दारावर तो बसवायला लागले.

"भाऊजी, जोडी मोडली की," मी म्हटलं.

"मोडली कशाची? बरंच झालं, वैनी. आता आठच्या आठ वॅट घरातल्या एका स्पीकरला मिळतील. आवाज दुप्पट!"

इतकी वर्षं एका घरात त्यांची प्रवचनं ऐकून मलाही एवढं कळायला लागलं होतं, की त्या डब्याच्या दोन बाजू वेगळ्या असतात. एका बाजूची ताकद दुसरीला वळवता येत नाही. एक स्पीकर काढला की ती बाजू नुसती गप्प बसते. पेटीवरच्या एका फसव्या आकड्यासाठी दुकानदाराला शटरखालून वाकून सुनावणारा माणूस स्क्रूकडं बघत हे बोलत होता. मी "बरं झालं" म्हटलं आणि पुढच्या बाईचं दूध मापात ओतलं.

नंतर पाऊस झाला, कारखाना पेटला, भाऊजी काट्यावर रुजू झाले. केंद्र चालू आहे, पहिल्यापेक्षा दूधही वाढलंय. सुट्टीच्या दिवशी भाऊजी संध्याकाळी ओसरीवर गाणं लावून बसतात. गाणं चांगलं रंगात आलं की त्यांची मान आपोआप दुसऱ्या, रिकाम्या बाजूला वळते, तिकडं थोडा वेळ थांबते आणि परत येते. कुणाचं लक्ष गेलंच तर म्हणतात, "काही न्हाई, म्हैस हंबरल्यावानी वाटलं."

आमचा गोठा त्या बाजूला नाही. पण हे त्यांना सांगायची मला अजून कधी गरज वाटली नाही.